रिलीज स्क्रिप्टमधला आणखी एक इफ

रिलीज स्क्रिप्ट, म्हणजे ग्राहकाला द्यायची सिस्टिम सोर्समधून तयार (बिल्ड) करणारी आज्ञांची फाइल, कुणी ठरवून गुंतागुंतीची करत नाही. एका ग्राहकाला पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल होणारी इमेज (सिस्टिमची तयार डिस्क-प्रत) नको असते, व्हीएमवेअरच्या आभासी मशीनची हवी असते. तिथे एक इफ, म्हणजे 'असं असेल तर हे कर' अशी अट, येते. दुसऱ्याला सिरीयल कन्सोल लागतो, आणखी एक इफ. मग कुणाला तरी वाटतं की दर वेळी सगळं नव्याने बिल्ड करत बसायला वेळ कुणाला आहे, तेवढं टाळायची सोय करून टाकू, तिसरा इफ. प्रत्येक इफ त्या त्या दिवशी रास्तच असतो. म्हणून तर त्याला कुणी अडवत नाही.

मी पुण्यात एका छोट्या कंपनीत काम करते. आम्ही फ्रीबीएसडी या मोफत, युनिक्सच्या वळणाच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारी फायरवॉलची उपकरणं बनवतो, आपसांत त्यांना डबेच म्हणतो. आमची रिलीज स्क्रिप्ट आमची स्वतःची आहे असं म्हणायला हरकत नाही, पण तिचा सांगाडा फ्रीबीएसडीच्या सोर्समधल्या रिलीज डिरेक्टरीतूनच उचललेला. ती सांभाळण्याचं काम बऱ्याच वर्षांपासून माझ्या गळ्यात आहे. मध्यंतरी आमच्यातल्या एका नव्या मुलाने, नगरचा आहे, हुशार आहे, त्या स्क्रिप्टवर तीन बदल सुचवले. पहिला, स्वच्छ सीएचरूट (एका डिरेक्टरीत वेगळी उभी केलेली सिस्टिम) बांधण्याची पायरी वगळता येईल असा एक पर्याय. दुसरा, इमेज बनवताना रूटची, म्हणजे सर्वाधिकारी युजरची, गरजच पडू नये अशी फेरमांडणी. तिसरा, सगळ्या ग्राहकांचे फरक एका यॅमल (सेटिंग्ज लिहायच्या मजकूर) फाइलमध्ये आणि स्क्रिप्टच्या डोक्यावर एक पायथॉनचा प्रोग्राम. तिन्हींनी ओळी वाढत होत्या. मी एक नाकारला, एक घेतला आणि तिसऱ्याचं घोंगडं अजून भिजत पडलंय.

"ताई, तुम्हाला साधं आवडतं म्हणता, मग दुसरा का घेतला? सगळ्यात जास्त ओळी तर त्यातच आहेत," असं त्याने विचारलं. प्रश्न अगदी बरोबर आहे. चहाच्या टपरीवर त्याचं अर्धंमुर्धंच उत्तर देता आलं, म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी मूळ स्क्रिप्टबद्दल. फ्रीबीएसडीची रिलीज डॉट एसएच कधी उघडली नसेल तर एकदा वाचा. साधी शेल स्क्रिप्ट आहे. वर डीफॉल्ट व्हेरिएबल्स, मध्ये फंक्शन्स, तळाशी मेन. ती स्क्रॅच नावाची डिरेक्टरी घेते, तिच्यात सोर्स उतरवते, वर्ल्ड, म्हणजे गाभा असलेला कर्नल सोडून बाकीची मूळ सिस्टिम, बिल्ड करते आणि तिथेच इन्स्टॉल करते. मग सीएचरूट करून त्या कोऱ्या सिस्टिमच्या आत शिरते आणि तिथे पुन्हा वर्ल्ड आणि कर्नल बिल्ड करते. त्यानंतर कुठे बेस (मूळ सिस्टिम), कर्नल, सोर्स यांच्या टारफायली आणि आयएसओ तयार व्हायला लागतात. थोडक्यात, वर्ल्ड दोनदा बिल्ड होतं. पहिल्यांदा बघणाऱ्या प्रत्येकाला हा वेडेपणा वाटतो.

त्यामागचं कारण असं की बिल्ड मशीनवर विश्वास ठेवायचा नाही. त्या मशीनवर कुणी काय टाकून ठेवलंय, मेक डॉट कॉन्फ या बिल्डच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये दोन वर्षांपूर्वी कुणी कुठली ओळ घालून विसरलंय, कुठली लायब्ररी पॅकेजमधून आली आणि कुठली बेसमधून, याचा हिशेब ठेवण्यापेक्षा कोरी सिस्टिम उभी करणं स्वस्त पडतं. यात मशीनचा वेळ जातो, माणसाचं डोकं शाबूत राहतं. मला हा सौदा नेहमीच परवडलेला आहे.

त्याच स्क्रिप्टमध्ये एक ओळ आहे. सीएचरूटच्या आत डेव्हएफएस (उपकरणं फायलींच्या रूपात दाखवणारी फाइल सिस्टिम) माउंट केल्यानंतर, म्हणजे जोडल्यानंतर, लगेच एक ट्रॅप लावलेला आहे: स्क्रिप्ट कशीही संपो, सुरळीत संपो की मध्येच कोसळो, बाहेर पडताना ते माउंट काढायचं. वाढीव गुंतागुंतच ती, पण काय गोड आहे. ज्याने कधी डेव्हएफएस माउंट असताना ती डिरेक्टरी आरएम -आरएफने, म्हणजे न विचारता सगळं पुसणाऱ्या आज्ञेने, उडवायचा प्रयत्न केलाय, त्याला या ओळीची किंमत सांगावी लागत नाही. आणि फ्रीबीएसडीवर आरएम -आरएफ तसंही सुखासुखी होत नाही. लिबसी, इनिट असल्या मोजक्या फायलींवर एसच्ग हा 'बदलू नका' सांगणारा फ्लॅग असतो. तो सीएचफ्लॅग्जने काढल्याशिवाय रूटलासुद्धा त्या फायली पुसता येत नाहीत. नवख्याला वाटतं डिस्कच बिघडली.

आता त्या मुलाचा पहिला बदल. "दर बिल्डला दीड तास वाचेल ताई," असं त्याचं म्हणणं. वाचेल, यात वादच नाही. असा पर्याय मूळ स्क्रिप्टमध्येही आहे, सीएचरूटबिल्ड स्किप नावाचा. पण नमुन्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये त्याच्याविषयी बजावून ठेवलंय की सीएचरूट दुसऱ्या मार्गाने आधीच तयार केलेलं असेल तेव्हाच हा वापरायचा. आमच्याकडे दुसरा मार्गच नाही. म्हणजे आमच्या हातात त्याचा अर्थ एवढाच उरला असता की मागच्या वेळचं जे काही पडलंय त्याच्यातच पुढचं उरकून घ्या.

आणि तो पर्याय एकटा नसतो. हो-नाही असे सहा पर्याय झाले की स्क्रिप्टमधून जाण्याचे ६४ रस्ते होतात. आम्ही त्यातले दोनच रोज चालतो. बाकीचे बासष्ट कागदावर आहेत. ते चालतात की नाही हे ज्या दिवशी कळतं तो दिवस नेमका ग्राहकाच्या मागणीचा असतो, आणि आदल्या रात्रीची धावपळ तर आमच्या पाचवीलाच पुजलेली.

माझ्या मते सगळी मेख इथे आहे. रिलीज स्क्रिप्टमधल्या एखाद्या फांदीची किंमत तिच्या ओळींवरून ठरत नाही. ती फांदी किती वेळा चालवली जाते यावरून ठरते. रोज चालणारं शंभर ओळींचं फंक्शन मला स्वस्त वाटतं आणि वर्षातून एकदा चालणारा चार ओळींचा इफ महाग. सोऱ्या दिवाळीला माळ्यावरून काढला की चकलीची चकती नेमकी सापडत नाही, हे ज्या घरात दर वर्षी होतं तिथल्या कुणालाही हे लगेच पटेल. वापरात नसलेली गोष्ट एका जागी शांत पडून राहत नाही. आजूबाजूचं जग हलतं आणि ती मात्र तिथेच राहते. कंपायलर बदलतो, मेकफाइलमधलं टार्गेटचं नाव बदलतं, आणि त्या चार ओळींना कुणी हातही न लावता त्या मोडतात.

फ्रीबीएसडीवाल्यांना हे पक्कं ठाऊक असावं, निदान त्यांच्या वागण्यावरून तसं दिसतं. रिलीज टीम दर आठवड्याला डेव्हलपमेंट शाखांचे स्नॅपशॉट काढते, आणि ते याच स्क्रिप्टांच्या पोटातून बाहेर पडतात. आयएसओ, मेमस्टिक (पेनड्राइव्हची), व्हीएमच्या (आभासी मशीनच्या) क्यूकाऊ२ आणि व्हीएमडीके इमेजेस, क्लाउडच्या इमेजेस, सगळं. त्यामुळे खऱ्या रिलीजच्या दिवशी चालणारी वाट आधी कित्येक आठवडे तुडवलेली असते. बाहेरून बघणारा म्हणतो, केवढे पर्याय आहेत यांच्या स्क्रिप्टमध्ये! आहेत, पण ते पर्याय दर आठवड्याला घाम गाळतात. आमचा 'वगळा' पर्याय नुसता बसून खाणार होता. म्हणून नाही म्हटलं.

मात्र साधेपणाच्या नावाखाली चालणारी एक लबाडीही मला बघवत नाही. स्क्रिप्ट शंभर ओळींची, देखणी, आणि शेजारी विकीवर चाळीस पायऱ्यांची यादी: आता हे माउंट झालंय का बघा, आता ती फाइल हाताने कॉपी करा, आता या मशीनवरून त्या मशीनवर जा. आधीच्या एका नोकरीत मला असली यादी वारसाहक्काने मिळाली होती. लिहिणारे गृहस्थ सोडून गेलेले, आणि एका पायरीपुढे फक्त 'नेहमीप्रमाणे' एवढंच लिहिलेलं. अशा ठिकाणी गुंतागुंत कमी झालेली नसते. ती स्क्रिप्टमधून उठून माणसाच्या डोक्यात जाऊन बसलेली असते, आणि माणूस राजीनामा देतो.

म्हणून कुणी साधं-साधं म्हणायला लागलं की मी विचारते, बाकीचं ओझं गेलं कुठे? ओपनबीएसडी आणि नेटबीएसडी ही फ्रीबीएसडीची भावंडं शेजारी ठेवून बघितली की हा प्रश्न फार छान उलगडतो.

ओपनबीएसडीची रिलीज प्रक्रिया रिलीज नावाच्या एका मॅन पेजमध्ये (माहितीपानात) मावते. कर्नल बिल्ड करा, बेस बिल्ड करा, डेस्टडीर आणि रिलीजडीर हे दोन व्हेरिएबल्स द्या, मेक रिलीज म्हणा, मग एक्सची, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या भागाची, तीच तऱ्हा. दर सहा महिन्यांनी ते हे करतात आणि वेळ चुकवत नाहीत. यासाठी त्यांनी एक मोठी सोय सोडलीय: क्रॉस-कंपाइल, म्हणजे एका प्रकारच्या मशीनवर दुसऱ्या प्रकारच्या मशीनसाठी बिल्ड करणं, नाही. ज्या आर्किटेक्चरचं रिलीज, त्याच आर्किटेक्चरच्या खऱ्या मशीनवर ते बिल्ड व्हायचं. त्यामागचा विचारही ठाम आहे. मशीन स्वतःची सिस्टिम स्वतः बिल्ड करू शकत नसेल तर ते चालतंय असं म्हणायचं कशाच्या जोरावर? दिवसेंदिवस बिल्ड सोसल्यावर कर्नलमधले असे दोष वर येतात जे एरवी कधीच दिसले नसते. स्क्रिप्ट त्यामुळे साधी राहिली. ओझं मग गेलं कुठे? मशीनच्या रॅकवर. आणि रॅक वीज खातो. जानेवारी २०१४ मध्ये या प्रकल्पाने जाहीरपणे हात पसरले होते, ते विजेच्या बिलासाठी: वर्षाचे सुमारे २० हजार डॉलर. प्रकल्पाचे संस्थापक थिओ द राट यांच्याकडे कॅलगरीत ती जुनी-नवी यंत्रं अखंड घरघरत असायची. पैसे जमले, प्रकल्प तरला. त्यांचा निर्णय चुकला असं मी म्हणत नाही, उलट त्यांनी काय मोजून काय घेतलं हे त्यांना नीट माहीत होतं.

नेटबीएसडीने नेमकी उलटी वाट धरली. त्यांची बिल्ड डॉट एसएच २००२ सालच्या १.६ या आवृत्तीत पहिल्यांदा आली. ती आधी स्वतःचा कंपायलर आणि स्वतःचं मेक बिल्ड करते आणि मग त्यांच्याकडून सगळी सिस्टिम बिल्ड करून घेते. लिनक्सवर बसून, साध्या युजरने, कुठल्याशा जुन्या बोर्डासाठीचं पूर्ण रिलीज एका आज्ञेत काढता येतं. या सुखासाठी ती स्क्रिप्ट दोन हजार ओळींच्या वर गेलेली आहे. वाचताना सुरुवातीलाच दिसतं की ही कुठल्या कुठल्या विचित्र शेलवर चालावी म्हणून काय काय सोसलंय. हे ओझं एका फाइलमध्ये, एका जागी, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे, आणि ते रोज चालतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यांनी जाहीर केलं की एएमडी६४चं (नेहमीच्या ६४-बिट पीसीसाठीचं) बिल्ड आता बिट-न्-बिट पुन्हा तेच येतं. एवढी पकड आल्यावर ते जमणारच.

(जाता जाता स्लॅकवेअर हा लिनक्सचा एक जुना संच. साधेपणा म्हटलं की लोक तो बनवणाऱ्या पॅट्रिक व्होल्करडिंग यांचंच नाव घेतात. १९९३ पासूनचं डिस्ट्रो, प्रत्येक पॅकेजला आपली एक छोटी स्लॅकबिल्ड स्क्रिप्ट. त्यांनीही २०२२ च्या १५.० मध्ये सगळी सिस्टिम सोर्समधून एका दमात पुन्हा बिल्ड करणारी मेक-वर्ल्ड स्क्रिप्ट दिली, आणि हे पहिल्यांदाच घडतंय असं मुद्दाम लिहिलं. जवळजवळ तीस वर्षं थांबून एक स्क्रिप्ट वाढवायची, हा संयम मला जमला नसता.)

तर दुसरा बदल मी घेतला तो नेटबीएसडीच्याच घरातून आलेल्या एका कल्पनेमुळे. आमची जुनी पद्धत अशी होती: ट्रंकेटने एक रिकामी फाइल करायची, एमडीकॉन्फिगने तिची खोटी डिस्क बनवायची, न्यूएफएसने तिच्यावर फाइल सिस्टिम आखायची, माउंट, तिच्यात सगळं उतरवायचं, अनमाउंट, आणि शेवटी ती खोटी डिस्क काढून टाकायची. पहिली सोडली तर प्रत्येक पायरीला रूट लागतो. आणि मध्ये कुठेही पाय घसरला की एमडी शून्य (पहिली खोटी डिस्क) तसंच राहतं, पुढच्या वेळी एमडी एक मिळतं, त्याच्या पुढच्या वेळी एमडी दोन. आमच्या बिल्ड मशीनवर अशा खोट्या डिस्कांची रांग लागलेली असायची. मग त्या आवरणारी वेगळी स्क्रिप्ट, आणि तिच्यात पुन्हा इफ, कारण दुसऱ्या कुणाची चालू असलेली डिस्क उडवून चालत नाही.

नवी पद्धत वेगळी. इन्स्टॉल करताना फायली साध्या युजरच्याच मालकीच्या उतरतात. खरी मालकी कुणाची हे फक्त मेटालॉग नावाच्या एका मजकूर फाइलमध्ये लिहिलं जातं. बिन-कॅट या छोट्या प्रोग्रामसाठी एक ओळ: प्रकार फाइल, मालक रूट, गट व्हील, परवानगी ०५५५. प्रत्येक फाइलला, डिरेक्टरीला, लिंकला अशी एकेक ओळ. मग मेकएफएस ती यादी वाचून थेट फाइल सिस्टिमची इमेज लिहितो आणि एमकेइमेज तिच्याभोवती पार्टिशन टेबल बसवतो. माउंट नाही, खोटी डिस्क नाही, रूट नाही. मध्येच कोसळलं तर अर्धवट फाइल उरते, ती पुसा आणि पुन्हा चालवा. मला यातली आवडलेली गोष्ट म्हणजे ती यादी ग्रेप करता येते, म्हणजे शब्द देऊन तिच्यात शोधता येतं. सेटयूआयडी असलेल्या, म्हणजे मालकाच्या अधिकाराने चालणाऱ्या, फायली किती, मागच्या रिलीजपेक्षा कुठली परवानगी बदलली, हे इमेज न उघडता दोन याद्यांच्या डिफने (तुलनेने) दिसतं. पूर्वी त्यासाठी इमेज माउंट करून फाइंड चालवावा लागायचा, म्हणजे पुन्हा रूट.

ओळी वाढल्या हे खरं. मेटालॉगच्या ओळी डुप्लिकेट आल्या तर काय, आमच्या स्वतःच्या फायली त्यात कशा घुसवायच्या, हे सगळं लिहावं लागलं. पण आवराआवरीची वेगळी स्क्रिप्ट पूर्ण गेली, सुडोच्या (रूटचे अधिकार मागणाऱ्या) ओळी गेल्या, आणि सगळ्यात मोठं म्हणजे बिल्ड फक्त त्या एका मशीनवरच चालायची अट गेली. आता तो मुलगा स्वतःच्या लॅपटॉपवरच्या व्हीएममध्ये तीच वाट रोज चालवतो. म्हणजे ही फांदी बसून खाणारी नाही.

राहिला तिसरा, यॅमल आणि पायथॉन. इथे मी खरंच दोलायमान आहे. ग्राहकांचे फरक वाढतायत, आणि शेलमध्ये केसच्या खाली केस लिहिण्याला काही मर्यादा असते, हे मलाही दिसतं. पण पुढे काय लागेल याचा आधीच अंदाज बांधून केलेल्या सोयींवर माझा फारसा विश्वास नाही. याचा दाखलाही रिलीज डॉट एसएचमध्येच सापडतो. सोर्स आणण्याची आज्ञा तिथे आधीपासून एका व्हेरिएबलमध्ये होती. उद्या सोर्स सांभाळणारी दुसरी सिस्टिम आली तर तेवढं बदललं की झालं. डिसेंबर २०२० मध्ये फ्रीबीएसडीचा सोर्स सबव्हर्जन सोडून गिटवर गेला. आणि नुसतं व्हेरिएबल बदलून भागलं नाही. सबव्हर्जनमध्ये शाखा म्हणजे पत्त्याचाच एक भाग, तर गिटमध्ये ती क्लोनला वेगळी सांगावी लागते. म्हणजे ज्या बदलासाठी सोय करून ठेवली होती तोच बदल आल्यावर आसपासच्या ओळींना हात लावावाच लागला. अर्थात ओळी साध्या होत्या, म्हणून ते काम लवकर उरकलं. तिथे मधे एखादा पायथॉनचा थर असता, तर आधी तो समजून घेण्यात नाकी नऊ आले असते.

शिवाय एक क्षुल्लक वाटणारी अडचण आहे. फ्रीबीएसडीच्या बेसमध्ये शेल आहे, मेक आहे, ऑक आहे, पण पायथॉन नाही. म्हणजे कोऱ्या सीएचरूटमध्ये आधी पॅकेज घालावं लागणार, त्याची आवृत्ती पकडून ठेवावी लागणार, आणि ज्या कोरेपणासाठी आपण वर्ल्ड दोनदा बिल्ड करतो त्यालाच भोक पडणार. त्यावर तो म्हणाला, पायथॉन बाहेर चालवू, आत फक्त तयार झालेली कॉन्फिग पाठवू. हे मला पटण्यासारखं आहे. मग मी म्हटलं, तसं असेल तर बाहेरचा प्रोग्राम काय करणार? एक साधी कॉन्फ फाइल लिहिणार, आणि आतली शेल तीच वाचणार. तसं असेल तर यॅमल कशाला, ग्राहकागणिक एक कॉन्फ फाइलच ठेवू की रेपोमध्ये (सोर्सच्या साठ्यात). त्यात पुनरुक्ती होते, असं त्याचं म्हणणं. होते. पंधरा फायलींमध्ये तीच ओळ दिसली तर मला चालते. ग्राहकाचं नाव ग्रेप केलं की त्याचं सगळं एका पानावर दिसतं. त्याला नाही चालत.

सध्या ठरलंय ते एवढंच: कॉन्फ फायली वेगळ्या करायच्या, आणि प्रत्येक ग्राहकाची इमेज दर शनिवारी रात्री आपोआप बिल्ड होऊन व्हीएममध्ये एकदा बूट झालीच पाहिजे. जिचं बिल्ड शनिवारी होत नाही ती कॉन्फ फाइल रेपोत ठेवायची नाही, मग ग्राहक कितीही मोठा असो. विक्री विभागाला हे अजून कळवलेलं नाही. पहिल्याच शनिवारी दोन इमेजेस बूट झाल्या नाहीत, आणि त्यातली एक ज्या उपकरणासाठी होती ते आम्ही विकणं केव्हाच बंद केलंय.